कुंभारमाशीचा दृष्टांत खोटा निघाला, मग निसर्गाकडून शिकायचं तरी काय?

सदाफुली

आमच्या कोथरूडच्या घरी खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. मी ते खरवडायला उलथनं घेतलं तर सासूबाईंनी अडवलं. म्हणाल्या, "राहू दे. ती अळी आणून आत कोंडते, भोवती गुणगुणत राहते, आणि माशीचा ध्यास घेऊन घेऊन अळीचीच माशी होते." कीर्तनात लहानपणापासून ऐकलेला भ्रमर-कीटकाचा दृष्टांत. ज्याचं अखंड चिंतन कराल तेच व्हाल, हे सांगायला बुवा तो हमखास घेतात.

माझी लेक आठवीत आहे. ती म्हणाली, "आजी, अळीची माशी होत नाही गं. माशी अळीला डंख मारून लुळी करते, तिच्याबरोबर अंडं घालून तोंड बंद करते, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी जिवंतपणी खातं. बाहेर पडते ती त्या पिल्लाची माशी."

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं मारण्याची गोष्ट भक्तीची म्हणून सांगत आलो?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मुंगीकडून कष्ट शिका, झाडाकडून दान शिका, नदीकडून वाहत राहणं शिका, असं आपण सारखं म्हणतो. ते तिथे खरंच असतं, की आपल्याला हवं ते आपणच तिथे ठेवतो आणि मग सापडलं म्हणून आनंदतो? आणि माणूसही त्याच निसर्गातून आलाय, तर त्याचा मूळ स्वभाव काय समजायचा? जाणकारांनी, विशेषतः वारकरी घरातल्या आणि रानावनात फिरणाऱ्या सभासदांनी लिहावं.

टेकडीकर

आधी घर नीट बघा. छोटं गोल मडकं असेल तर आत अळ्या असणार. शेजारी शेजारी लिंपलेल्या लांबट नळ्या असतील तर ती दुसऱ्या जातीची माशी, ती कोळी आणून भरते. आपल्याकडे दोघींनाही कुंभारीणच म्हणतात. भक्ष्य मारून टाकलं तर दोन दिवसांत सडेल, पिल्लाच्या काही उपयोगाचं राहणार नाही. म्हणून ते लुळं पण जिवंत ठेवायचं.

हे वाचून अस्वस्थ होणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. अळीच्या आत अंडी घालणाऱ्या अशाच माश्यांबद्दल डार्विनने १८६० साली एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं होतं, की दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने अळ्यांना जिवंत खाणाऱ्या या माश्या मुद्दाम घडवल्या असतील हे मला पटत नाही.

पण 'क्रूर' हा शब्द तिथे लागूच पडत नाही असं माझं मत. दुसऱ्याला दुखतंय हे कळत असूनही दुखवणारा तो क्रूर. माशीला ते कळण्याची सोय नाही.

रोखठोक_पेठ

टेकडीकर, शब्द बदलल्याने अळीचं काय बदललं?

मला हे निसर्गप्रेम कधी समजलेलं नाही. निसर्गात रोज हेच चालतं, आणि माणूस तिथूनच आलाय, म्हणून आतून तसाच आहे. वरून कायद्याचा आणि लाजेचा पातळ थर आहे इतकंच. सिग्नलला पोलीस नसला की पाच मिनिटांत चौकाचं काय होतं ते कर्वे रोडवर उभं राहून बघा. तोच थर निघाला की तीच माणसं.

नाना_सदाशिव

सदाफुलीताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि मनाला लावून घेऊ नका म्हणावं.

दृष्टांत नेहमी एकाच अंगाने घ्यायचा असतो, हे जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून कुणी त्यावर डाग शोधत नाही. ध्यासाने माणूस बदलतो, हे माणसाच्या बाबतीत खरं आहे. पस्तीसेक वर्षं शाळेत शिकवताना ते मी मुलांमध्ये पाहिलं. माशीचं काही का असेना.

आता मुख्य मुद्दा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. आपण ते दत्तगुरूंचे म्हणून ओळखतो. पृथ्वी, वारा, आकाश यांपासून यादी सुरू होते आणि चोविसावी जी येते ती हीच कुंभारमाशी. निसर्गाकडून शिकण्याचा आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा पाठ. पण यादी नीट वाचा. पृथ्वीकडून तो सहनशीलता घेतो. पतंग मात्र रूपाला भुलून जळतो, हरीण गाण्याला भुलतं, मासा जिभेपायी गळाला लागतो, हत्ती स्पर्शाच्या ओढीने खड्ड्यात पडतो, कपोत म्हणजे कबुतर पिल्लांच्या मायेने जाळ्यात उडी घेतं. यांच्याकडून अवधूत काय शिकला? असं वागायचं नाही, हे.

म्हणजे निसर्ग करतो तसं कर, असं तो कुठेच म्हणत नाही. तो बघतो, निवडतो आणि ठरवतो. निवडण्याची ती शक्ती अवधूताची आहे. म्हणूनच चोवीस सांगून झाल्यावर तो स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो.

पावभाजी_विदाऊट_बटर

नाना, चोवीस गुरूंमधलं ते कबुतर आता आमच्या एसीच्या मागे राहायला आलंय. दक्षिणा म्हणून रोज सकाळी बाल्कनी धुतो. :)

डॉक्टरकाकू

पावभाजी, हसू आलं, पण धुताना पाणी मारून ओलं करून धुवा आणि तोंडाला मास्क लावा. सुकी विष्ठा झाडू नका. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांमुळे काही माणसांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुफ्फुसाला सूज येण्याचा आजार, होतो. वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर फुफ्फुसावर कायमचे व्रण पडतात आणि ते भरून येत नाहीत.

हे मी धाग्याच्या विषयाला धरूनच सांगतेय. माझ्याकडे एक बाई येतात. त्या स्वतः कबुतरांना कधी दाणे टाकत नाहीत. त्यांच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा टाकतात, पत्नी गेल्यापासून रोज, नेमाने. ते आजोबा दुष्ट आहेत का? त्यांच्याइतका मायाळू माणूस त्या सोसायटीत नसेल. पण दाणे टाकल्याचं समाधान त्यांना लगेच मिळतं आणि खालच्या बाईंची धाप त्यांना दिसत नाही. माणसाच्या स्वभावाबद्दल मला शिकवणारी ही केस आहे. आपली दया डोळ्यांना दिसेल तिथपर्यंतच सहज पोचते. त्यापुढे ती न्यायची तर डोकं वापरावं लागतं, आणि ते कष्टाचं काम आहे. रोखठोक म्हणतात तसा चांगुलपणा वरचा थर आहे असं मला वाटत नाही. तो आतूनच येतो, पण आंधळा येतो.

पाषाणची_पोरगी

काकू, किती छान लिहिलंत. आणि बिचाऱ्या कबुतराच्या बाजूनेही एक: नर आणि मादी दोघंही पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात. पक्ष्यांमध्ये हे फार थोड्यांना जमतं.

मी प्राणिशास्त्र शिकतेय, म्हणून रोखठोककाकांना उत्तर द्यायचंय. काका, तुमच्या बाजूचं सर्वात भक्कम उदाहरण मीच देते. आपलं साधं काळ्या तोंडाचं वानर. १९६०च्या दशकात धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिलं, की नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं मारतो. आधी अनेकांना ते पटलं नाही. ती विकृती असेल, गर्दीचा परिणाम असेल, असं म्हटलं गेलं. पुढे सारा हर्डी या संशोधिकेने राजस्थानातल्या अबूच्या वानरांमध्येही तेच पाहिलं आणि मांडलं, की पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते, यात त्या नराचा फायदा आहे.

आता त्याच वानरांचं दुसरं. नुकतं जन्मलेलं पिल्लू आई दुसऱ्या माद्यांकडे देते. मावश्या, बहिणी, तरुण पोरी ते हातोहात घेतात, सांभाळतात, आणि आई तेवढ्यात निवांत खाते. एकच जात, एकच टोळी. यातलं 'खरं वानर' कोणतं? तुम्ही पहिलं पाहून म्हणता, आत क्रौर्य आहे. दुसरा कुणी दुसरं पाहून म्हणेल, आत माया आहे. दोन्ही तितकंच जुनं आहे.

रोखठोक_पेठ

पोरी, मुद्दा चांगला मांडलास, पण मावश्या सांभाळतात त्यातही हिशोब असणारच ना? नात्यातलं पिल्लू, उद्याचा सराव. तुमचंच शास्त्र सांगतं.

पाषाणची_पोरगी

असणार. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली नात्यातल्यांना मदत करण्याचं ते गणित मांडलंच आहे. पण हिशोब उत्क्रांतीचा असतो, त्या मावशीचा नसतो. तिला पिल्लू हवंसं वाटतं, इतकंच तिला माहीत. तुमच्या आईने तुम्हाला रात्री जागून सांभाळलं, त्यामागे जनुकांचं गणित आहे असं सिद्ध झालं तर ते जागरण खोटं ठरेल का?

टेकडीकर

_/\_ शेवटचं वाक्य जपून ठेवतो.

जुन्नरी

राम राम मंडळी. बराच वेळ नुसता वाचत होतो. तुमच्याकडे हा चर्चेचा विषय आहे, आमच्याकडे तो दारात येऊन बसतो.

धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. उसात वर्षभर आडोसा, पाणी, गावची कुत्री, शेळ्या. बिबट्या त्यात जन्मतो, तिथेच मोठा होतो. कित्येकांना डोंगरातलं रान माहीतच नाही, ऊस हेच त्यांचं रान. पूर्वी इथले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, तर सोडलेल्या ठिकाणाजवळ माणसांवरचे हल्ले वाढले, असं अभ्यासात निघालं. मग माणिकडोहला निवारा केंद्र झालं. कोण कुणाच्या घरात शिरलंय याचं उत्तर मला तरी देता येत नाही.

आता माणसाच्या स्वभावाचं. तोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं, डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि एकेक उचलून नेते. आमच्या शेजारच्या फडात असं झालं तेव्हा कुत्र्यांनी क्रेट पाडू नये म्हणून लांब बांधावर राखण करायला कोण बसलं होतं सांगू? ज्याची दुभती शेळी त्याच महिन्यात गेली होती तो. आणि पुढे वाडीवर एक लहान पोर गेलं, तेव्हा पिंजरा लावा म्हणून रस्त्यावर आडवा पडणाराही तोच. त्याला दोन्ही वेळा आतून तसंच वाटलं होतं. ताई, मूळ स्वभाव कोणता म्हणून विचारता, तर मी त्याला दोन्ही वेळा पाहिलाय.

आमचं मागणं तत्त्वज्ञानाचं नाही. शेताला लाईट दिवसा द्या. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला उसातून जायचं म्हणजे काय, ते गेल्याशिवाय कळायचं नाही.

सदाफुली

जुन्नरीदादा, तुमची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. पोराचं ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि 'लाईट दिवसा का नाही देत?' हे त्या मलाच विचारत होत्या.

मुठाकाठी

रोखठोक यांच्या 'पातळ थर' सिद्धांतावर बोलायचं होतं. थर निघतो तेव्हा काय होतं, ते पुण्याने पाहिलंय. १२ जुलै १९६१. बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. त्याआधी लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास तोलून धरलं होतं, म्हणून ते भर रात्री न फुटता दिवसा फुटलं. नाहीतर झोपेत किती गेले असते याचा विचार करवत नाही.

आमची आजी तेव्हा नारायण पेठेत वाड्यात होती. ती सांगायची, ज्यांच्याशी नळावरून भांडण, ज्यांच्या घरचं पाणीही चालायचं नाही, अशांनी एका खोलीत एका पातेल्यातला भात खाल्ला. रोखठोक, तिथे ना पोलीस होता ना लाज. मग तो चांगुलपणा कुठल्या थरातून आला? आणि हो, पाणी ओसरल्यावर चिखलातल्या घरांत कुणीतरी हात मारले, हेही तीच सांगायची. दोन्ही एकाच आवाजात सांगायची. पण पुढे पुढे भाताची गोष्ट ती जास्त वेळा सांगू लागली. नातवंडांना काय द्यायचं, हे तिने ठरवलं असावं.

रोखठोक_पेठ

आजींना नमस्कार. पण पुराचंच काढलंत तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्रही काढा. आंबिल ओढ्याने झोपेतली माणसं नेली. तुमच्या लाडक्या निसर्गाला त्यांचं काही वाटलं?

मुठाकाठी

काही वाटलं नाही, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, निसर्ग कोपला. ओढा कात्रजच्या डोंगराकडून येतो, मुठेला मिळतो, ढगफुटीसारखा पाऊस झाला तर त्याला त्याची रुंदी लागते. ती आपण भिंती घालून, भराव टाकून कमी केली होती. कोप म्हटलं की सगळं देवावर जातं. रुंदी म्हटलं की नकाशा मागवावा लागतो, परवानगी कुणी दिली विचारावं लागतं. निसर्गाला राग-लोभ चिकटवले की माणसाची जबाबदारी सुटते, म्हणून मला ती भाषा आवडत नाही.

टेकडीकर

मुठाकाठींना दुजोरा, वेताळ टेकडीवरून. आपल्या टेकड्या मुळात गवताच्या आणि झुडपी रानाच्या. पण उन्हाळ्यात त्या पिवळ्या दिसतात आणि आपल्याला ते ओसाड वाटतं. म्हणून मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प तिथे भरमसाठ लावलं गेलं. पटकन वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, लांबून हिरवंगार. त्याच्या दाटीत उभं राहून ऐका आणि मग गवताळ उतारावर येऊन ऐका. कुठे किडे, कुठे पक्षी, ते कान सांगतील. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी टेकडीवर आपल्या मनातलं रान लावलं.

म्हणून सदाफुली, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हो, आपण आपल्याला हवं ते तिथे ठेवतो. आणि दृष्टांतात ठेवलं तर फार बिघडत नाही. जमिनीत ठेवलं की बिघडतं.

नाना_सदाशिव

टेकडीकर, जोड चांगली दिलीत. बघणं, निवडणं, ठरवणं असं मी म्हटलं होतं. त्यातलं बघणं आपण गाळतो. अवधूताला बघायला रिकामा वेळ होता, हेही खरं.

पावभाजी_विदाऊट_बटर

अवधूताला ईएमआय नव्हता. :)

राजगडपायथा

सगळे निसर्गाला राग-लोभ चिकटवू नका म्हणताय. मी उलट बाजू मांडतो. आमच्या वेल्ह्याकडे, मुळशीत, भोरला, तिकडे भीमाशंकराजवळ आहुप्याला देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा, आजूबाजूचं रान तुटलं असताना देवाच्या नावाने राखलेले हे तुकडे टिकून आहेत, हे पुढे आलं. ते कशाने टिकले? देव कोपेल या भीतीने. आमच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आजोबा चुलीला आणू देत नसत. त्यांना परिसंस्था वगैरे माहीत नव्हतं. पण तिथला झरा उन्हाळ्यात चालतो आणि खालच्या वाडीचं पाणी त्यावर आहे, हे माहीत होतं. भीती आणि अनुभव दोन्ही एकत्र होते.

तुमच्या हिशेबाने हे खोटं. पण खोट्याने राई राखली आणि खऱ्याने टेकडी पोखरली, त्याचं काय?

डॉक्टरकाकू

हा प्रश्न मला अवघड जातोय. भीतीने घेतलेल्या गोळ्या रुग्ण बरं वाटलं की सोडतो, हा माझा अनुभव. भीती गेल्यावर राईचं काय होतं?

रोखठोक_पेठ

काकूंचाच प्रश्न मीही विचारणार होतो, आणि हा माझ्या बाजूचा पुरावा आहे. धाक होता म्हणून झाडं राहिली. प्रेमाने राखलेलं एक रान दाखवा. मुठाकाठींच्या आजींचा भात मी मान्य करतो. पुरासारख्या वेळी माणसं मोठी होतात. पण राई राखायची म्हणजे पूर नसलेले रोजचे दिवस, पिढ्यानपिढ्या. तिथे माया पुरत नाही.

पाषाणची_पोरगी

काका, धाक कुणी घातला होता पण? माणसांनीच ना, स्वतःला? आपलं मन रोज पुरणार नाही हे ओळखून आपल्याच हाताला आधीच बांध घालून ठेवायचा, हेसुद्धा माणसाच्या स्वभावातच आहे. कुंभारमाशीला ते येत नाही, वानराला येत नाही. माणसाला येतं.

राजगडपायथा

पोरगी बरोबर बोलली. काकू, भीती गेल्यावर काय होतं ते सांगतो, कारण आमच्याकडे ते आत्ताच चालू आहे. देवाचा धाक कमी झालाय पण देवाचा मान वाढलाय. मुंबईला असलेल्या पोरांनी वर्गणी काढलीय. जुन्या दगडी ठाण्यावर आरसीसी मंदिर, पुढे सभामंडप, फरशी आणि गाडी थेट जाईल असा रस्ता. हे सगळं भक्तीनेच, कुणाच्या मनात पाप नाही. पण मंडपाच्या आखणीत बेहड्याची आणि आंब्याची जुनी झाडं येतात, आणि रस्ता झऱ्याच्या डोक्यावरून जातो.

ग्रामसभेत दोन तट पडले. म्हातारे म्हणाले, झाडाला हात लावू नका, देव बघून घेईल. पोरं हसली. मग वाडीवरची एक सून उठली, माहेरची मुळशीची. देवाचं नावही न घेता म्हणाली, मार्चमध्ये हंडा घेऊन कोण जाणार आहे ते आत्ताच लिहून द्या. त्यावर पोरं गप्प बसली. मंडप झाडं सोडून सरकवता येईल का, ते बघायचं ठरलंय, रस्त्याचं अजून काही ठरलेलं नाही.

पुढची ग्रामसभा गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी आहे. टेकडीकर, तुम्हाला झाडं ओळखता येतात, तर राईतल्या झाडांची नावं आणि अंदाजे वय लिहून घ्यायला या. रोखठोक, तुम्हीही या. पोरांशी तुमच्या भाषेत बोलणारा माणूस आम्हाला हवाच आहे. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी मिळते. पुढे न्यायला मी गाडी घेऊन येईन, व्यनित (खासगी निरोपात) नंबर देतो.

रोखठोक_पेठ

येतो. पण मी त्यांना झऱ्याचंच सांगणार, देवाचं नाही.

नाना_सदाशिव

देवाचं सांगायला मी येतो. जेवणाचं काय?